इंग्लंडमधील जुन्या वाड्यात दोन रात्री

इंग्लंडमधल्या शहरी माणसाच्या सुट्यांमध्ये एक प्रकार खास तिथल्या मातीतला आहे. खेड्याकडच्या एखाद्या जुन्या जमीनदारी वाड्यात दोन रात्री मुक्काम करायचा, संध्याकाळी सावकाश, बेताबेताने वाढलेले उत्तम जेवण जेवायचे आणि दिवसा आसपासच्या रानातून पायी हिंडायचे. अशा वाड्यांना ‘कंट्री हाउस हॉटेल’ म्हणतात. शुक्रवारी दुपारी यायचे आणि रविवारी जेवणाआधी निघायचे, हा यातला नेहमीचा शिरस्ता. मुक्काम एवढा लहान असतो की प्रेक्षणीय स्थळांची यादी कोणी करत नाही. वाडा, ताट आणि रान एवढ्यावरच दोन दिवस भरतात. ही तीन अंगे आज एकाच पाकिटात विकली जात असली तरी प्रत्येकाचा इतिहास वेगळा आहे, आणि तो माहीत असेल तर त्या दोन दिवसांत पाहायला पुष्कळ मिळते.

हे वाडे पाहुण्यांना खोल्या भाड्याने देण्यासाठी बांधलेले नव्हते. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत इंग्लंडमधल्या जमीनदारांनी आपल्या शेकडो-हजारो एकरांच्या मधोमध ते उभारले. सारा डोलारा कुळांकडून येणाऱ्या खंडावर चाले. १८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागले, शेतमालाचे भाव पडले आणि खंड आटला. १८९४ मध्ये वारसाहक्काने येणाऱ्या मालमत्तेवर नव्या स्वरूपाचा कर बसला. सुरुवातीला तो सर्वांत मोठ्या इस्टेटींनाही ८ टक्केच होता. १९४९ पर्यंत वरची पायरी ८० टक्क्यांवर गेली. पहिल्या महायुद्धात अनेक घराण्यांतले वारस मारले गेले, तर काही ठिकाणी बाप आणि मुलगा पाठोपाठ गेल्याने तोच कर थोड्या वर्षांत पुन्हा भरायची वेळ आली. घरकामाला माणसे मिळेनाशी झाली. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कित्येक वाडे लष्कर, इस्पितळे आणि शाळांसाठी ताब्यात घेतले आणि परत केले ते खिळखिळ्या अवस्थेत.

मालकांनी मग सोपा मार्ग धरला: छपराचे शिसे, ओकच्या फळ्या आणि संगमरवरी चुली विकायच्या आणि उरलेले पाडून टाकायचे. विसाव्या शतकात असे हजारावर वाडे नाहीसे झाले आणि १९५० च्या दशकात या पाडापाडीने कळस गाठला. १९६८ च्या नगररचना कायद्याने संरक्षित यादीतल्या इमारती परवानगीशिवाय पाडायला बंदी केली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने नष्ट झालेल्या वाड्यांवर प्रदर्शन भरवले आणि लोकांना पहिल्यांदाच या हानीचा आवाका कळला. वाडा पाडता येत नाही आणि पोसताही येत नाही, अशा कोंडीत सापडलेल्या वास्तूंना हॉटेल व्यवसायाने पोटापाण्याचे साधन दिले. म्हणूनच या सुटीकडे केवळ चैन म्हणून पाहणे अपुरे आहे. पाहुण्याच्या बिलातून छपराची गळती, खिडक्यांच्या दगडी चौकटी आणि बागेतल्या माळ्यांचा पगार भागतो.

या व्यवसायाची सुरुवात मात्र वाडा वाचवण्याच्या हेतूने झाली नाही. ती एका स्वयंपाक्याच्या हौसेतून झाली. फ्रान्सिस कुल्सन यांनी १९४८ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या अल्सवॉटर सरोवराच्या काठी शॅरो बे हे घर घेतले आणि तिथे पाहुणे ठेवायला सुरुवात केली. पुढे १९५२ मध्ये ब्रायन सॅक त्यांना येऊन मिळाले. ब्रिटनमध्ये तेव्हा रेशनिंग होते आणि ते १९५४ पर्यंत चालले. लोणी, साखर, मांस सगळेच मोजून मिळण्याच्या त्या काळात कुल्सन यांनी सढळ हाताचा स्वयंपाक केला आणि पाहुण्याला गिऱ्हाइकासारखे न वागवता घरच्या माणसासारखे वागवले. खजूर घातलेल्या मऊ केकवर गरम टॉफीचा रस ओतून करायचे ‘स्टिकी टॉफी पुडिंग’ इथूनच प्रसिद्ध झाले. पदार्थ मुळात कोणाचा यावर वाद असले तरी तो देशभर पोहोचवण्याचे श्रेय सहसा शॅरो बेला देतात. हॉटेल २०२० मध्ये बंद पडले. पण तिथे रुळलेली पद्धत, म्हणजे स्वागतकक्षाऐवजी दिवाणखाना, शेकोटी, खोलीत पुस्तके आणि ताजी फुले, आज सर्वत्र दिसते.

पुढच्या तीन-चार दशकांत या पद्धतीची घरे वाढत गेली. रटलंडमधला हॅम्बल्टन हॉल १८८१ मध्ये एका मद्य-कारखानदाराने शिकारीच्या हंगामासाठी बांधला होता. १९८० मध्ये तिथे हॉटेल सुरू झाले आणि १९८२ पासून त्याच्याकडे मिशलँ या खाद्य-मार्गदर्शिकेचा तारा आहे. खालचे खोरे १९७० च्या दशकात धरणाखाली गेल्यामुळे जुन्या शिकारघराच्या समोर आता विस्तीर्ण जलाशय पसरलेला दिसतो. फ्रेंच आचारी रेमों ब्लाँ यांनी १९८४ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या ग्रेट मिल्टन गावात ‘ल मान्वार ओ कात्र सेझों’ उघडले. ब्लाँ कोणत्याही पाकशाळेत शिकलेले नव्हते. त्यांनी वाड्याभोवतीच्या जमिनीत भाज्या, औषधी वनस्पती आणि फळझाडे लावून बाग व स्वयंपाकघर यांचे नाते पुन्हा जोडले, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या आचाऱ्यांनी पुढे ब्रिटनभर नाव काढले. टेम्स नदीवरचा क्लिव्हडन वाडा १९४२ मध्येच जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेला होता. १९८५ पासून त्यात हॉटेल आहे, बागा आणि नदीकाठची रानवाट मात्र तिकीट काढून कोणालाही पाहता येते. ‘हिस्टॉरिक हाउस हॉटेल्स’ या कंपनीने १९७९ पासून बॉडिसगॅलन, मिडलथॉर्प आणि हार्टवेल असे तीन वाडे दुरुस्त करून चालवले आणि २००८ मध्ये ते नॅशनल ट्रस्टला दान केले. फ्रान्सचा अठरावा लुई परागंदा असताना याच हार्टवेलमध्ये राहत होता. मुंबईचाही या व्यवसायाशी संबंध आलेला आहे: बकिंगहॅमशायरमधली स्टोक पार्क ही इस्टेट रिलायन्स समूहाने २०२१ मध्ये विकत घेतली.

वाडा, ताट आणि रान यांची सर्वांत घट्ट वीण पाहायची तर ससेक्समधल्या ग्रेव्हटाय मॅनरला जावे. १५९८ सालचा हा वालुकाश्माचा वाडा ईस्ट ग्रिन्स्टेड गावाच्या दक्षिणेला, रानाने वेढलेल्या उतारावर आहे. विल्यम रॉबिन्सन यांनी तो १८८० च्या दशकाच्या मध्यात विकत घेतला. आयर्लंडमधून आलेला हा साधा माळी लंडनमध्ये लेखक आणि संपादक म्हणून नावारूपाला आला होता. त्या काळच्या बागा म्हणजे भूमितीचे वर्ग असत: उन्हाळ्यापुरती काचघरातली रोपे आणून चौकटीत रांगेने लावायची आणि हंगाम सरला की उपटून फेकायची. ‘द वाइल्ड गार्डन’ (१८७०) आणि ‘द इंग्लिश फ्लॉवर गार्डन’ (१८८३) या पुस्तकांतून रॉबिन्सन यांनी या प्रथेवर कडाडून टीका केली. वर्षानुवर्षे टिकणारी, हवामानाला मानवणारी फुलझाडे मोकळेपणाने मिसळून लावावीत, गवतात आणि झाडांखाली कंद पसरू द्यावेत, आणि बाग कुठे संपते व रान कुठे सुरू होते हे डोळ्यांना कळू नये, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रेव्हटायची सुमारे हजार एकरांची इस्टेट ही त्यांची प्रयोगशाळा झाली. म्हातारपणी पाय निकामी झाल्यावर ते चाकाच्या खुर्चीतून बागेत हिंडत. १९३५ मध्ये, ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आज ‘इंग्रजी बाग’ म्हटल्यावर जे चित्र जगभर डोळ्यांसमोर येते त्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे, आणि त्या मानाने त्याचे नाव बागवानांच्या बाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.

रॉबिन्सन अविवाहित होते. इस्टेट वनीकरणासाठी वापरली जावी म्हणून त्यांनी ती सरकारला देऊन टाकली. वाडा पडीक होत चालला असताना पीटर हर्बर्ट यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस तो भाडेपट्ट्याने घेऊन हॉटेल सुरू केले आणि साडेचार दशके चालवले. वाड्याच्या वरच्या अंगाला रॉबिन्सन यांनी १९०० च्या सुमारास बांधलेली भाजीबाग अजून पिकते. सुमारे एकरभर जागेला दगडी भिंतीने वेढा घातला आहे, पण तो चौकोनी नाही, लंबगोल आहे. अशा भिंतवेढ्या बागा इंग्लंडमध्ये पुष्कळ आहेत. लंबगोल मात्र क्वचितच. भिंतीमागचे कारण साधे आहे. दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब सोडतो, वारा अडतो आणि इंग्लंडच्या थंड हवेत एरवी न पिकणारी पीचसारखी फळे भिंतीला पंख्याच्या आकारात बांधलेल्या झाडांवर पिकतात. लंबगोलाला सावलीत दडणारे कोपरे नसतात आणि भिंतीचा कोणता ना कोणता भाग दिवसभर उन्हात राहतो. सकाळी माळी जे काढतात ते संध्याकाळच्या ताटात येते, आणि काय पिकले आहे त्यावर आचाऱ्याला बेत ठरवावा लागतो.

संध्याकाळच्या जेवणाचा या वाड्यांमध्ये ठरलेला क्रम असतो. सातच्या सुमारास पाहुणे दिवाणखान्यात जमतात. तिथेच पेय आणि घासाघासाचे खारे पदार्थ येतात, पदार्थांची यादी हातात पडते आणि मागणीही तिथेच घेतली जाते. पहिला पदार्थ तयार झाला की जेवणघरात बोलावणे येते. तीन पदार्थांचे जेवण किंवा सात-आठ लहान पदार्थांचा ‘टेस्टिंग मेन्यू’ असे दोन पर्याय बहुतेक ठिकाणी असतात. दुसऱ्याला तीन तास सहज लागतात. गोडाच्या आधी किंवा नंतर चीजची गाडी फिरते. निळ्या रेषांचे स्टिल्टन त्यात असतेच. या नावाने चीज बनवण्याचा हक्क फक्त डर्बीशायर, लेस्टरशायर आणि नॉटिंगहॅमशायर या तीनच परगण्यांना आहे. कॉफी आणि चॉकलेटचे तुकडे परत दिवाणखान्यात, शेकोटीपाशी. शाकाहाऱ्यांसाठी वेगळा बेत आता सर्रास मिळतो, पण आरक्षण करतानाच सांगितले तर आचाऱ्याला नीट तयारी करता येते. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी तर आधी कळवावेच. कित्येक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातले रेनेट वापरलेले असते आणि गोड पदार्थांत जिलेटिन असू शकते, हेही विचारून घेतलेले बरे. सकाळच्या न्याहारीत अंडी, मश्रूम, भाजलेले टोमॅटो यांच्याबरोबर कधी ‘केजरी’ दिसते. आपली खिचडी हिंदुस्थानातल्या गोऱ्या साहेबांबरोबर तिकडे गेली, डाळ गळाली, धुरी दिलेला मासा आणि उकडलेले अंडे आले.

मिशलँच्या मार्गदर्शिकेत या हॉटेलांपैकी कित्येकांची नावे सापडतात. टायर बनवणाऱ्या फ्रेंच कंपनीने १९०० मध्ये मोटारमालकांसाठी काढलेल्या या पुस्तकात १९२६ पासून ताऱ्यांची पद्धत सुरू झाली. परीक्षक नाव न सांगता येतात, बिल स्वतः भरतात आणि फक्त ताटातल्या अन्नाचा विचार करतात. दिवाणखान्याचा थाट ताऱ्यात मोजला जात नाही. ब्रिटनमध्ये त्याहून जिव्हाळ्याचे पुस्तक म्हणजे रेमंड पोस्टगेट यांनी १९५१ मध्ये सुरू केलेले ‘गुड फूड गाइड’. ते सामान्य वाचकांनी पाठवलेल्या अभिप्रायांवर उभे राहिले, आणि वाईट अन्न निमूटपणे खाऊन घेणाऱ्या देशाला तक्रार करायला शिकवण्यात त्याचा मोठा हात आहे.

ताटातल्या कित्येक गोष्टी रानाशी जोडलेल्या असतात. एप्रिलमध्ये ओलसर रानात रानलसणाची रुंद, हिरवीगार पाने जमीन झाकून टाकतात आणि पान दिसण्याआधी वास येतो. आचारी त्याचे सार करतात किंवा लोण्यात वाटून माशाबरोबर देतात. त्याच जागी, त्याच वेळी, तशाच दिसणाऱ्या पानांच्या विषारी वनस्पतीही उगवतात, त्यामुळे पान चुरडून वास घेतल्याशिवाय जाणकारही ते तोडत नाहीत. १९६८ च्या चोरीविरोधी कायद्यानुसार रानातली फळे, फुले, पाने आणि मश्रूम घरच्यापुरती वेचणे गुन्हा ठरत नाही. विकण्यासाठी वेचायची तर जमीनमालकाची संमती लागते, आणि हॉटेलच्या स्वयंपाकघरालाही तोच नियम लागू होतो. हरणाच्या मांसाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. ब्रिटनमध्ये सहा जातींची हरणे आहेत, त्यातल्या दोनच मूळच्या. लांडगा केव्हाच नामशेष झाल्यामुळे त्यांना खाणारे कोणी उरलेले नाही. ती कोवळे कोंब आणि फुले खाऊन टाकतात आणि रानात नवे झाड वर येत नाही. वनरक्षक दरवर्षी ठरावीक हरणे मारतात ती यासाठी, आणि ते मांस हिवाळ्यात या हॉटेलांच्या यादीवर येते.

रानाकडे वळले की आधी एक गैरसमज दूर करावा लागतो. इंग्लंडचे रान म्हणजे माणसाचा हात न लागलेले अरण्य नव्हे. तिथे असे अरण्य जवळजवळ उरलेलेच नाही. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या जेमतेम ५ टक्के जमिनीवर झाडी होती. तेव्हा १९१९ मध्ये वनीकरणासाठी फॉरेस्ट्री कमिशन स्थापन झाले. आज हे प्रमाण सुमारे १३ टक्के आहे. त्यातही बरीचशी झाडी लावलेल्या सूचिपर्णी वृक्षांची आहे. खरी मोलाची ती ‘प्राचीन राने’: इंग्लंडमध्ये १६०० सालापासून अखंड झाडी असलेल्या जागांना हे नाव देतात. देशाच्या जमिनीपैकी अवघे अडीच टक्के त्यांच्या वाट्याला आले आहेत.

ही राने टिकली ती वापरात राहिली म्हणून. हेझल, चेस्टनट यांसारखी झाडे बुंध्यापाशी तोडायची, उसाच्या खोडव्याप्रमाणे त्यातून नवे फुटवे येऊ द्यायचे आणि काही वर्षांनी पुन्हा तोडायचे, अशी तिथली जुनी पद्धत आहे. त्यातून कुंपणाच्या काठ्या, जळण आणि कोळसा मिळे. ग्रेव्हटाय ज्या वील्ड प्रदेशात आहे तिथे लोखंड गाळण्याचा मोठा उद्योग होता आणि भट्ट्यांना कोळशाचा अखंड पुरवठा लागे. म्हणून लोकांनी राने नांगराखाली न घालता जपली. ज्या भागात तोड झाली तिथे दोन-तीन वर्षे ऊन जमिनीपर्यंत पोहोचते आणि दबून राहिलेली फुले एकदम उसळतात. कोळसा मागे पडल्यावर तोड थांबली आणि राने दाट, काळोखी होऊ लागली. आता संवर्धनासाठी पुन्हा तोड सुरू केली जाते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटे वाटते.

१५ आणि १६ ऑक्टोबर १९८७ च्या दरम्यानच्या रात्री आलेल्या वादळात आग्नेय इंग्लंडमधली सुमारे दीड कोटी झाडे कोसळली. त्यानंतर अनेक ठिकाणी यंत्रे लावून पडलेले ओंडके हलवण्यात आले आणि नवी लावणी झाली. जिथे काहीच केले नाही, झाडे पडली तशी राहू दिली, तिथले रान बहुतेक वेळा अधिक जोमाने सावरले. आडव्या खोडांवर शेवाळ, बुरशी आणि कीटक यांची वस्ती झाली आणि पडलेल्या कित्येक झाडांना मुळांपाशी जीव राहून उभे फुटवे आले. वाटेच्या कडेला आडवे खोड आणि त्यातून सरळ वर गेलेली ओळीने तीन-चार झाडे दिसली, तर बहुधा तो त्याच रात्रीचा अवशेष असतो.

या रानांचे सर्वांत देखणे दिवस एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंतचे. ब्लूबेलचे कंद वरच्या झाडांना पालवी फुटण्याआधी मिळणाऱ्या उन्हावर झटपट वाढतात आणि फुलतात, आणि सगळी जमीन निळी-जांभळी होते. जगातल्या ब्लूबेलपैकी जवळपास निम्मे ब्रिटनमध्ये आहेत. बी रुजल्यापासून फूल येईपर्यंत पाच-एक वर्षे जातात. पाने एकदा पायाखाली चिरडली की कंदाला अन्न मिळत नाही आणि तो तुकडा पूर्ववत व्हायला कित्येक वर्षे लागतात. छायाचित्रासाठी वाट सोडून फुलांत शिरणाऱ्यांना हॉटेलची माणसे कळकळीने अडवतात ती यामुळे. पांढरे वुड अॅनेमोन त्याहूनही संथ: शंभर वर्षांत जेमतेम सहा फूट पसरते. त्याची मोठी चादर दिसली की रान शतकानुशतके तिथेच आहे, हे समजून घ्यावे. शतावरीच्या कुळातल्या अॅस्पॅरॅगसचा हंगामही २३ एप्रिलच्या सुमारास सुरू होतो, त्यामुळे रान आणि ताट दोन्ही बाजूंनी हा पंधरवडा सर्वोत्तम. शरद ऋतूत बीचची पाने तांबूस होतात आणि मश्रूम येतात. न्यू फॉरेस्टमध्ये तेव्हा डुकरे रानात सोडतात, कारण ओकची हिरवी फळे तिथल्या मोकाट घोड्यांना विषारी ठरतात आणि डुकरे ती आवडीने खातात.

खासगी जमिनीतून चालण्याचा हक्क हा या सुटीचा न दिसणारा आधार आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे २,२५,००० किलोमीटर सार्वजनिक पायवाटा आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य कोणाच्या तरी शेतातून, कुरणातून, कधी अंगणालगतून जातात. हा वहिवाटीचा हक्क आहे: लोकांनी २० वर्षे विनाअडथळा वापरलेली वाट कायदा सार्वजनिक मानतो. मालकाला ती बंद करता येत नाही आणि पेरणीनंतर पिकातून वाट मोकळी करून देणे त्याच्यावर बंधनकारक असते. १९३२ मध्ये डर्बीशायरच्या किंडर स्काउट डोंगरावर शेकडो कामगार तिथे फिरण्यावरची बंदी मोडून चढले आणि काहींनी तुरुंगवास भोगला. १९४९ च्या कायद्याने पायवाटांचे अधिकृत नकाशे करायला लावले आणि २००० च्या कायद्याने डोंगर-माळरानावर वाट सोडूनही फिरण्याची मुभा दिली. राने मात्र त्या मोकळिकीत सरसकट आलेली नाहीत. तिथे वाटेवरूनच चालावे लागते. वाटेच्या खुणेवरचा पिवळा बाण पायी चालणाऱ्यांसाठी, निळा घोडा आणि सायकलसाठीही. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी मुखपृष्ठाचा, १:२५,००० प्रमाणाचा नकाशा असला की वाट चुकत नाही. फाटक जसे मिळाले तसेच, म्हणजे बंद असेल तर बंद करून पुढे जावे.

गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट बहुतेक हॉटेले दाराशीच ठेवतात आणि चिखल पाहता ते घालावेतच. मे ते सप्टेंबरमध्ये उंच गवतातून आल्यावर गोचीड लागली आहे का ते पाहावे. डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो. फेरी त्या हिशेबाने आखावी. ब्लूबेलच्या आणि पानगळीच्या दिवसांतले शनिवार-रविवार लवकर भरतात आणि अनेक ठिकाणी एकट्या शनिवारची खोली देत नाहीत. तोच वाडा जानेवारी-फेब्रुवारीत, सोमवार ते गुरुवारच्या मुक्कामाला बराच स्वस्त पडतो. खोली, रात्रीचे जेवण आणि न्याहारी असा एकत्र दर सांगितला असेल, तर त्यात कोणता बेत धरला आहे हे विचारावे, कारण टेस्टिंग मेन्यूसाठी बऱ्याचदा वेगळे पैसे पडतात. सांगितलेल्या दरात २० टक्के कर धरलेला असतो. बिलात जोडलेले १२.५ टक्क्यांच्या आसपासचे सेवाशुल्क बहुधा ऐच्छिक असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून ती रक्कम पूर्णपणे कर्मचाऱ्यांना देणे मालकांवर कायद्याने बंधनकारक आहे. बहुतेक वाडे स्थानकापासून दूर असतात. ग्रेव्हटायला लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून ईस्ट ग्रिन्स्टेडपर्यंत सुमारे तासाभराचा रेल्वेप्रवास करून पुढे टॅक्सीने जाता येते, आणि ती टॅक्सी आधीच ठरवून ठेवावी लागते.